जपान, दमादमानं

जपानच्या पर्यटन व्हिसासाठी अर्ज करताना कागदांच्या गठ्ठ्यात एक तक्ताही जोडावा लागतो. कुठल्या तारखेला काय करणार, रात्री कुठे उतरणार, सगळं दिवसवार. नवऱ्यानं तो एका रविवारी बसून भरला. टोकियो, फुजी, ताकायामा, शिराकावा-गो, कानाझावा, क्योतो, नारा, हिरोशिमा, ओसाका. आईनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, "छान केलंय तुम्ही. पण ह्यात जेवायचं कधी?"

आई ७२ वर्षांची, गुडघे कुरकुरणारे, जेवण शुद्ध शाकाहारी. लेक १७ वर्षांचा, सकाळी दहाच्या आत माणसात न येणारा. ह्या दोघांना एका गाडीला जुंपायचं तर तक्ता नव्यानंच मांडायला हवा होता. मग ठरलं ते असं. मुक्कामाची गावं तीनच: टोकियो, कानाझावा आणि क्योतो. जाताना टोकियोत उतरायचं आणि परत यायचं ओसाकाहून, म्हणजे आलेल्या वाटेनं मागे फिरण्यात दिवस जाणार नाही. आणि रोज एकच खुंटा ठोकायचा. एक गोष्ट नक्की, तिची वेळ नक्की, बाकी दोर सैल.

दोन गोष्टी बहुतेक तयार आराखड्यांत दिसत नाहीत, त्या आधीच सांगते. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तिथे सकाळचे सात वाजतात तेव्हा आपलं शरीर पहाटेचे साडेतीन समजत असतं. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस 'पहाटे उठून गर्दीच्या आधी' हा बेत कागदावरच राहतो. पहाटेची ठिकाणं प्रवासाच्या शेवटाकडे ढकला. दुसरं म्हणजे नोव्हेंबरात टोकियोत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि बागा, देवळं त्याच सुमारास दारं लावून घेतात. उशिरा उठणं आणि लवकर अंधार पडणं, ह्यांच्या मधे उरतो तेवढाच दिवस. त्यात चार ठिकाणं बसत नाहीत.

पहिला दिवस: नारिता ते असाकुसा

सकाळी उतरलो. इमिग्रेशनचा क्यूआर कोड घरूनच काढून ठेवला होता, त्यामुळे तिथे फार रेंगाळलो नाही. नारिता विमानतळाहून टोकियोतल्या असाकुसा भागाला थेट गाडी आहे. हॉटेलच्या खोल्या दुपारी तीनशिवाय मिळत नाहीत, हे जपानभर सारखंच. सामान काउंटरवर ठेवून सुमिदा नदीच्या काठी बाकांवर बसलो. आई बसल्या बसल्या झोपली. नदीपलीकडे स्कायट्रीचा उंच मनोरा, अलीकडे शाळेची पिवळ्या टोप्या घातलेली पोरं रांगेनं चाललेली. पहिल्या दिवशी याहून जास्त काही करू नये, असं माझं ठाम मत आहे.

संध्याकाळचा खुंटा सेन्सो-जी हे बौद्ध देऊळ. देवळाचा इतिहास इसवी सन ६२८ पासून सांगतात. दिवसा तिथे रेटारेटी असते, पण सहा-सातनंतर देवळासमोरच्या नाकामिसे गल्लीतली दुकानं बंद होतात, दिवे लागतात आणि ते लाल महाद्वार, तो अवाढव्य कंदील निवांत बघता येतो. मुख्य गाभारा तोवर बंद झालेला असतो, तेवढी किंमत आम्ही आनंदानं मोजली. अंगणातला ओमिकुजी मात्र चालू होता. शंभर येन टाकायचे, डबा हलवून काडी काढायची, त्या आकड्याच्या खणातून भविष्याची चिठ्ठी घ्यायची. लेकाला निघालं 'अशुभ'. तो हिरमुसला, तर शेजारच्या आजोबांनी हातवारे करून त्याला तारांच्या चौकटीपाशी नेलं आणि चिठ्ठीची घडी घालून तिथे गाठ मारायला शिकवलं. वाईट नशीब देवळातच बांधून जायचं. आईला ही सोय फारच आवडली.

दुसरा दिवस: मेजी जिंगू, आणि संध्याकाळी वरणभात

साडेदहाला निघालो. गर्दीची लोकल टळली, हा उशिरा उठण्याचा फायदा. मेजी जिंगू हे १९२० साली उभारलेलं शिंतो देवस्थान. भोवतालचं जंगल अनादी वाटतं, पण ते माणसांनी लावलेलं आहे. देशभरातून लोकांनी सुमारे एक लाख झाडं दान केली होती. वाट मात्र खडीची. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना बरोबर काठी द्या, ती खडी दमवते.

आम्हाला वाटलं होतं शांत रान असेल, तर तिथे सगळा सणाचा माहोल. नोव्हेंबरच्या मध्याला शिची-गो-सान असतं. तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना नटवून देवाला आणतात, ती मोठी होताहेत म्हणून. किमोनोतल्या इवल्या पोरी, लाकडी चपला, हातात बारीक लांब खडीसाखरेसारख्या कांड्यांची पिशवी. एक पोरगी चपला काढून भोकाड पसरून बसली होती. तिची आजी हतबल. आईनं पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढला आणि तिच्यापुढे धरला. मी मनात म्हटलं, झालं, परक्या देशात परक्या पोरीला खाऊ. पण आजीनं आधी स्वतः तुकडा खाल्ला, डोळे मोठे केले आणि उरलेला पोरीला दिला. रडं थांबलं. मग दोन्ही आज्या एकमेकींना वाकून वाकून नमस्कार करत राहिल्या, संपेचना. त्या कुटुंबानं आईला मधे घेऊन फोटो काढला. पुण्याहून गेलेली नऊवारीतली आजी आज टोकियोतल्या कुणाच्या तरी अल्बममध्ये आहे.

संध्याकाळी निशी-कासाई. एदोगावा वॉर्डातल्या या भागात भारतीय वस्ती मोठी आहे, मराठीही कानावर पडतं. मराठी मुळाचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले होते. नवऱ्याच्या जुन्या सहकाऱ्याकडे जेवण होतं. वरण, बटाट्याची भाजी, आणि जपानी तांदळाचा भात, जो वरण कालवलं तरी गोळाच राहतो. लांब प्रवासात घरचं जेवण शेवटाला नको, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हवं. त्यानं पोट स्थिरावतं.

शाकाहाराविषयी इथेच सांगून टाकते. जपानमध्ये अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. भाज्या, सूप, नूडल्सचं पाणी, सगळ्याच्या मुळाशी बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो. 'मासा नको' म्हटलं की वरचा तुकडा काढून देतात, अर्क राहतोच. म्हणून जपानीत लिहिलेलं कार्ड ठेवा, आणि त्यात दाशीचा उल्लेख हवाच. टोकियो स्टेशनच्या आत टीज तानतान नावाचं पूर्ण शाकाहारी रामेनचं, म्हणजे रश्शातल्या नूडल्सचं, दुकान आहे. आईनं तिथे तिळाच्या रश्शातलं रामेन वाटी तोंडाला लावून संपवलं.

तिसरा दिवस: कामाकुरा, आणि न ठरवलेला फुजी

फुजी आम्ही यादीतून कापला होता. त्यासाठी चौथं हॉटेल, शिवाय डोंगर ढगात असेल तर रात्र फुकट. लेक ह्यावर नाराज होता. त्याऐवजी टोकियोहून तासाभरावरचं कामाकुरा.

तिथला बुद्ध १३व्या शतकातला, कांस्याचा, बैठकीशिवाय ११.३ मीटर उंच. एकेकाळी त्याच्यावर लाकडी मंडप होता, तो वादळा-लाटांत गेला तो गेलाच. उघड्या आभाळाखाली बसलेला आहे म्हणूनच तो इतका जवळचा वाटतो. पन्नास येन देऊन मूर्तीच्या पोटात जाता येतं. आत ओतकामाचे सांधे दिसतात. नवरा तिथे अर्धा तास रमला, इंजिनिअर माणूस.

खुंटा संपला होता, वाजले होते पावणेतीन. एनोदेन ही समुद्राकाठची जुनी छोटी रेल्वे, घरांच्या परसांतून अंग चोरत जाते. बुद्धाजवळच्या हासे स्टेशनाहून दोनच स्टेशनं पुढे इनामुरागासाकीला उतरलो, समुद्र दिसला म्हणून. चारच्या सुमारास पश्चिमेकडचा धुरकट पडदा हळूहळू विरला आणि पाण्यापलीकडे फुजी उभा. किनाऱ्यावर बरेच जण तिपाया मांडून बसले होते, म्हणजे त्यांना ही जागा ठाऊक होती. लेकानं काही न बोलता फोन काढला आणि अंधार पडेपर्यंत खाली ठेवला नाही. तुम्हीही कामाकुराला गेलात तर परतीची घाई करू नका. हवा कोरडी असेल तर हिवाळ्याच्या तोंडावर ही संधी चांगली असते.

चौथा दिवस: कपडे

यादीत मुद्दाम कोरा ठेवलेला. आईचा गुडघा सुजला होता, तो शेकला. मी कॉइन लाँड्रीत कपडे धुतले. मशीन साबण स्वतःच घालतं. बापलेक अकिहाबाराला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. दुपारी सगळे उएनो पार्कात पिवळ्याधमक गिंको झाडांखाली. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात जायचं असेल तर वार बघा. जपानमधली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, आणि सोमवारी सुट्टी आली तर मंगळवारी. आखणी करताना आधी सोमवार कुठे येतात ते पाहावं आणि त्या दिवशी देऊळ, बाग किंवा प्रवास ठेवावा.

संध्याकाळी सगळ्यात कामाची गोष्ट केली. मोठ्या बॅगा हॉटेलच्या काउंटरवरूनच थेट क्योतोच्या हॉटेलला पाठवल्या. ह्या सेवेला ताक्क्यूबिन म्हणतात. पिल्लाला तोंडात धरून नेणारी काळी मांजर हे त्यातल्या एका मोठ्या कंपनीचं चिन्ह. एका बॅगेला दोन-तीन हजार येन पडतात. कानाझावाला आम्ही पाठीवरच्या पिशव्या घेऊन गेलो. स्टेशनांत लिफ्ट शोधत बॅगा ओढणं वाचलं, आणि त्यातच माणूस सगळ्यात जास्त थकतो.

पाचवा आणि सहावा दिवस: कानाझावा

कागायाकी शिनकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, टोकियोहून अडीच तास. रेल्वे पासबद्दल सगळे विचारतात म्हणून हिशेब. सात दिवसांचा देशभरचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून ५०,००० येन झाला. आमची टोकियो-कानाझावा आणि कानाझावा-क्योतो ही दोन्ही तिकिटं मिळून माणशी २१-२२ हजारांच्या घरात होती. तीन गावांच्या प्रवासाला पास परवडत नाही.

कानाझावा स्टेशनाबाहेर काचेचं भलंमोठं छत आणि त्यापुढे जुन्या ढोलांच्या आकाराचं लाकडी द्वार. छत कशाला ते पाच मिनिटांत कळलं. ह्या गावात म्हण आहे की डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. जपानच्या समुद्रावरून येणारे ढग इथे नोव्हेंबरपासून ठाण मांडतात. दोन दिवसांत ऊन, पाऊस, गारा आणि पुन्हा ऊन असं इतक्या वेळा झालं की आम्ही छत्री मिटणंच सोडून दिलं.

ओमिचो बाजारात खेकड्यांचा मोसम नुकताच सुरू झाला होता. आई लांबून बघत होती, बापलेकांनी ताव मारला. तेवढ्यात आभाळ असं काही गडगडलं की मी दचकले. मासेवाल्या बाई मात्र खूश. त्यांनी आभाळाकडे बोट दाखवलं, मग समोरच्या बर्फातल्या जाड माशाकडे, आणि मोबाइलमधल्या भाषांतरावर ऐकवलं: ही गडगड झाली की बुरी मासा येतो. आपल्याकडे वळवाच्या गडगडाटाला आंबे आठवतात, इथे ऐन थंडीच्या तोंडावर मासा. बुरीचा तुकडा आम्हाला चाखायला मिळाला. आईसाठी त्यांनी शेजारच्या गाळ्यावरून भाजलेलं रताळं आणून दिलं आणि पैसे घेतलेच नाहीत.

सहाव्या दिवसाचा खुंटा केनरोकुएन ही बाग. एव्हाना शरीर जपानच्या घड्याळावर आलं होतं, म्हणून सकाळी लवकर. नेहमीची वेळ सुरू होण्याआधी इथे फुकट आत सोडतात. मात्र तिकिटाची वेळ होण्याआधी बाहेर पडावं लागतं. पाऊस थांबलेला, तळ्यावर वाफ. आणि बागेत माळी कामाला लागलेले. हिवाळ्यातला ओला, जड बर्फ फांद्या मोडतो म्हणून १ नोव्हेंबरपासून इथे युकित्सुरी सुरू होते. झाडाशेजारी उंच खांब उभारायचा आणि त्याच्या टोकापासून प्रत्येक फांदीला दोर बांधून ती तोलून धरायची. कारासाकीच्या प्रसिद्ध पाइनला असे शेकडो दोर. शिडीवर एक म्हातारे माळी, खाली दोन तरुण पोरं दोर सोडत होती. म्हातारबुवा वरून एकच शब्द बोलायचे आणि पोरं दोर बोटभर सैल करायची. आई बराच वेळ मान वर करून बघत होती. मग म्हणाली, "ताणून बांधलं तर बर्फाआधी दोरानंच मोडेल गं."

आम्ही सिंहगड रोडचे. पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेलं आहे, आणि कोराकुएन, केनरोकुएन, कैराकुएन ह्या तीन जपानच्या नावाजलेल्या बागा. त्यामुळे आईला वळणं ओळखीची वाटली. "आपल्याकडे हा पूल जरा लहान आहे," असं तिनं मत दिलं.

दुपारी ती झोपली, मी एकटी डी. टी. सुझुकी संग्रहालयात गेले. झेन जगाला इंग्रजीतून सांगणारा हा विद्वान याच गावचा. आत वस्तू फारशा नाहीतच; एक उथळ तळं आहे आणि बसायला जागा. तासभर बसले. पाऊस पाण्यावर पडत होता. सोन्याच्या वर्खाचं आइस्क्रीम हा इथला दुसरा प्रकार. जपानमधला जवळजवळ सगळा वर्ख याच गावात बनतो. लेकानं खाल्लं. सोन्याला चव नसते, आणि किंमत सोन्यासारखी असते.

सातव्या दिवसापासून: क्योतो

त्सुरुगाला गाडी बदलून क्योतो. बॅगा खोलीत येऊन बसल्या होत्या. पानगळीच्या रंगांसाठी नोव्हेंबरचे शेवटचे दहा दिवस म्हणजे इथे पंढरीची वारी. सिटी बस आमच्यासमोरून भरून निघून गेल्या. चौघं असाल तर टॅक्सी फार महाग पडत नाही, आणि मेट्रो-रेल्वेनं बरंच भागतं. हॉटेल स्टेशनच्या पायी अंतरात घ्या, बसवर विसंबू नका.

आठव्या दिवशी पहाटे फुशिमी इनारी. देवस्थान चोवीस तास उघडं. उजाडताना पोचलो तर तोरीच्या लाल कमानींखाली मोजकी माणसं, त्यांतली काही रोजची फिरायला येणारी. आई पहिल्या टप्प्यावर थांबली, आम्ही मधल्या चौथऱ्यापर्यंत गेलो. उतरलो तेव्हा साडेआठ वाजले होते आणि खालून लोंढा चढत होता. उरलेला दिवस झोप, स्नान, तोफू.

नवव्या दिवसाचा खुंटा सांजुसानगेन्दो हे बौद्ध देऊळ. घरात वयस्कर कुणी असेल तर क्योतोत मी हे पहिलं सांगेन. चढ नाही, सगळं छताखाली, चपला काढून लाकडी जमिनीवर चालायचं. सुमारे १२० मीटर लांब दालनात कान्नोनच्या, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या, १००१ मूर्ती, आणि त्यांच्या पुढे २८ रक्षक देवता. आत फोटोला मनाई. आई पाट्या वाचत चालली होती आणि एकदम थांबली. समोर पंख असलेला, बासरी वाजवणारा गरुड. पुढे नारायण. वसु ऋषी काठी टेकून वाकलेला. दोन टोकांना वारा आणि वीज, वायूच्या खांद्यावर वाऱ्याची पिशवी. "अगं, हे सगळे आपलेच की!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की पहारेकरी वळून बघायला लागला. मग त्यालाच बोलावून तिनं हातवाऱ्यांनी गरुड समजावून सांगितला. तो मान डोलवत होता, बहुधा सौजन्यानं.

रात्री बापलेक एइकान्दो देवळाची रोषणाई बघायला गेले. रांग लांबलचक होती म्हणे, पण तळ्यातली लाल पानं पाहून लेक चक्क बोलका झाला होता.

दहावा दिवस: फाटाफूट

चौघांनी चारही प्रहर एकत्रच राहायला हवं असा काही नियम नाही. बापलेक नाराला गेले, हरणांनी नवऱ्याचा नकाशा खाल्ला. आम्ही दोघी देमाचियानागीला, जिथे दोन नद्या मिळून कामो होते. पाण्यातून कासवांच्या आकाराच्या दगडी पायऱ्या, त्यांवरून उड्या मारणारी पोरं. आईनं दुकानातून आणलेला मेलन पाव सोडला, पहिला घास घेणार तोच मागून घार आली आणि पाव घेऊन गेली. पंखाचा वारा लागला म्हणे. शेजारच्या बाकावरच्या कॉलेजच्या मुली किंचाळल्या, मग हसत सुटल्या, मग मागे लावलेला घारीच्या चित्राचा फलक दाखवून त्यांनी आपल्यातला अर्धा पाव आणून दिला. तो आईनं पदराखाली धरून खाल्ला.

परतीचा दिवस

हारुका गाडीनं क्योतोहून ओसाकाचं कानसाई विमानतळ सव्वा तास. सुइका कार्डांत, म्हणजे रेल्वे-बसच्या भाड्याच्या कार्डांत, थोडे थोडे येन उरले होते. कार्ड परत केलं की ५०० येन अनामत मिळते, पण सुइकाचं काउंटर टोकियोच्या बाजूला. ओसाकाकडे ते परत घेत नाहीत. शेवटच्या वापरापासून दहा वर्षं चालतं, असं लेकानं शोधून सांगितलं. आईनं स्वतःचं कार्ड पासपोर्टच्या कव्हरात सरकवलं आणि नवऱ्याला विचारलं, "हिरोशिमा कुठल्या बाजूला येतं हो?"